पिकासाठी परवाना, पोटासाठी कोठडी

छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेत किंवा विद्यापीठाच्या परिसरात दिवसभर बागडणारी पाचपट्टी खार वजनाला साधारण शंभर ग्रॅम भरते. कातडे, डोके, आतडी बाजूला काढली तर मूठभर मांससुद्धा हाती लागत नाही. असला जीव कोणी मिजाशीसाठी मारत नाही आणि चवीसाठीही त्याच्या मागे लागत नाही. कुठल्या पालावरचे पोर गलोलीने खार पाडत असेल आणि ती निखाऱ्यावर केस जाळून, हळद-मीठ चोळून रश्शात पडत असेल, तर त्या घरच्या कालवणात त्या दिवशी दुसरे काही नव्हते एवढेच त्यावरून कळते. ससा, तितर, लावा, घोरपड ही जरा मोठी शिकार. पण ती करणारी माणसे तीच असतात: फासेपारधी, भिल्ल, वडार, वैदू आणि त्यांच्यासारखेच बिनजमिनीचे, बिनकागदाचे लोक. हिवाळा आला की या लहानसहान शिकारीच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. आरोपी, हस्तगत जाळी, वन कोठडी, संपले. त्या चार ओळींवर जरा सविस्तर बोलायला हवे, कारण या विषयात आपल्या कायद्याची तराजू एका बाजूला बरीच कललेली आहे. शेतमालकाच्या पिकाचे नुकसान ही कायद्याला गरज वाटते आणि त्यासाठी वन्यप्राणी मारायचा रस्ता त्याने ठेवला आहे. भूमिहीनाच्या पोटाची भूक मात्र त्याच्या लेखी गरजच नाही. हा फरक काढून टाकावा, तोही वन्यजीवांचे संरक्षण ढिले न करता, आणि तसे करणे शक्य आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही शिकार हिवाळ्यातच का वाढते, हे आधी पाहू. पावसाळ्यात माळावर गवत कमरेएवढे असते; त्यात ससा दिसत नाही आणि फासही लावता येत नाही. दिवाळीनंतर गवत वाळते, कापले जाते. सोयाबीन, बाजरी, मका निघून रान मोकळे होते आणि सांडलेल्या दाण्यावर तितर-लाव्यांचे थवे उतरतात. सशाच्या ठरलेल्या वाटा उघड्या पडतात. त्या वाटेवर वाघूर, म्हणजे सशाचे जाळे, उभे करायचे आणि दोघातिघांनी हाकारे घालायचे, ही फासेपारध्यांची जुनी रीत आहे. तितरासाठी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेवर रानातले तितर बोलावायचे आणि भोवती फासक्यांची ओळ लावायची. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने पाखरांच्या जवळ सरकत जायचे कसबही या जमातीचेच. शिजवण्यात मोठा थाट नसतो. तुकडे बारीक करायचे, तिखट-मिठाचा पातळ रस्सा भरपूर वाढवायचा आणि ज्वारीची भाकरी त्यात कुस्करून सगळ्यांनी खायचे. एका सशात सहा-सात माणसे जेवतात ती रश्शाच्या जोरावर. याच दिवसांत खुलताबाद-दौलताबादच्या वाटेवर शेतांमध्ये हुरडा पार्ट्या रंगलेल्या असतात, हा योगायोग नव्हे. रान दोघांसाठीही एकाच वेळी मोकळे होते.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला, तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते आणि त्यांत लहान शिकारीचाही एक वेगळा परवाना होता. म्हणजे सशा-तितराची शिकार हा नियमांखाली चालणारा व्यवहार आहे, असे मूळ कायद्याने मान्य केले होते. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले आणि अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार सरसकट गुन्हा ठरली. पाचपट्टी खार आणि ससा तेव्हा चौथ्या अनुसूचीत, म्हणजे सौम्य शिक्षेच्या रांगेत होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि चौथीतल्या बहुतेक प्राण्यांना दुसरीत सरकवले. त्यासोबत सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. तुरुंगवास तीन वर्षांपर्यंत होताच. शिकारीची व्याख्याही लक्षात घ्यावी. मारणे, पकडणे, फास लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे हे सगळे शिकारीत येते आणि यांतला कोणताही प्रयत्नसुद्धा येतो. जाळे लावले आणि ससा आलाच नाही, तरी गुन्हा पूर्ण. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींवरच्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली देत आला. त्याने मध, डिंक, मासे, चराई अशा कितीतरी परंपरागत हक्कांना मान्यता दिली. पण शिकार आणि फास लावण्याचा परंपरागत हक्क त्यातून शब्दांत लिहून वगळला. वगळण्यामागे कारण होते, आणि वाघ-बिबट्यांच्या बाबतीत ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच की वाघ आणि ससा यांना एकाच वाक्यात वगळून टाकल्यावर पुढे काय झाले.

याच १९७२ च्या कायद्याचे अकरावे कलम वाचा. एखादा वन्यप्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. आणि मालमत्तेत शेतातले उभे पीक येते, असे त्या कलमातच स्पष्ट केलेले आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना ही पिकाची सवलत लागू नाही, बाकीच्यांना आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी या परवानगीची वाट आणखी सोपी केली. त्याच सुमारास केंद्राने बिहारमध्ये रोही, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड यांना ठरावीक भागांत, ठरावीक काळासाठी उपद्रवी ठरवले. २०१६ च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात रोही मारायला हैदराबादहून बंदूकधारी नेमबाज बोलावले गेले. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, जाहीर खडाजंगी झाली आणि त्यात आपल्या चंद्रपूरच्या रानडुकरांचाही उल्लेख आला. या परवानग्या चुकीच्या होत्या असे मला म्हणायचे नाही. रात्रभर मचाणावर बसून मका राखणाऱ्या सोयगाव-कन्नडच्या शेतकऱ्याला, रानडुक्कर हा निसर्गाचा ठेवा आहे असे शहरातून सांगणे उर्मटपणाचे आहे. पण तत्त्व काय मान्य झाले ते पाहा. माणसाच्या उपजीविकेसाठी, धोक्यात नसलेला वन्यप्राणी, परवानगीने आणि मर्यादेत मारता येतो. हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर उपजीविकेला सातबाऱ्याची अट कशासाठी? ज्याचे पीक आहे त्याचे नुकसान मोजता येते, पंचनामा होतो, भरपाईही मिळते. ज्याचे पीकच नाही त्याच्या उपाशी रात्रीचा पंचनामा करणारे कोणतेही कार्यालय नाही.

बरे, शेतात मरणारे सगळे प्राणी परवानगीनेच मरतात असेही नाही. खार ठिबकच्या नळ्या कुरतडते, डाळिंब आणि सीताफळ पोखरते, हे जालना-पैठणच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. त्यावर पिंजरे लागतात, विषारी आमिषे पडतात. उंदरांसाठी टाकलेले झिंक फॉस्फाइडचे दाणे पाखरेही टिपतात. कुंपणात वीज सोडली की रानडुकराबरोबर कोल्हा, बिबट्या आणि कधी शेजारचा माणूसही मरतो. फोरेटसारख्या जहाल कीटकनाशकावर पूर्ण बंदी यायला ३१ डिसेंबर २०२० उजाडावे लागले. या मरणांची मोजदाद कोणी ठेवत नाही, कारण त्यात जाळे घेऊन चालणारा माणूस दिसत नाही. कोणी शेतात विष कालवले तर ती पीकसंरक्षणाची फवारणी, आणि कोणी बांधावर फास लावला तर ती शिकार. मेलेल्या तितराला यातला फरक कळत नाही, तो फक्त गुन्ह्याच्या नोंदवहीत कळतो.

शिकारीला प्रतिष्ठा कोणाच्या हातून मिळते, हेही या संदर्भात विसरता येत नाही. आपल्याकडे राजेरजवाड्यांचे शिकारखाने होते. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे आणि त्याचे फोटो आजही कौतुकाने छापले जातात. राजस्थानात खड्ड्यात भाजलेला ससा हा राजघराण्यांचा पदार्थ म्हणून पाककृतींच्या पुस्तकांत सन्मानाने मिरवतो. जून २००५ मध्ये हरियाणात झज्जरजवळ नवाब मन्सूर अली खान पतौडी यांच्यावर काळवीट आणि ससे मारल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या प्रकरणाने कोणी पतौडी घराण्याला गुन्हेगार जमात म्हटले नाही, आणि म्हणूही नये. चित्रकाराच्या ब्रशासाठी मुंगसाचे केस विकले जातात, त्यांचे गिऱ्हाईक शहरातच असते. ढाब्यावर कुजबुजत मागितला जाणारा ‘रानातला’ तितर पारध्याच्या ताटात जात नाही, तो चारचाकीतून आलेल्याच्या ताटात जातो. लहान शिकारीचा खरा धोका इथे आहे. पोटापुरता मारणारा माणूस दोन ससे मिळाले की घरी जातो. बाजारासाठी मारणाऱ्याला थांबायचे कारण नसते.

गुन्हा कोणाच्या नावावर लागतो याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवायची सोय झाली. स्वातंत्र्य १९४७ चे, मराठवाड्याची मुक्ती १७ सप्टेंबर १९४८ ची. पण तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि लातूर भागातल्या अशा एका समाजाचे पोलिसांशी असलेले नाते मराठी वाचकाला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसले. त्यालाही आता चार दशके होत आली. मध्य प्रदेशातल्या वन्यजीव गुन्ह्यांच्या नोंदी तपासणाऱ्या भोपाळच्या एका अभ्यासगटाला बहुतांश आरोपी अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त आणि इतर मागास समाजांतले आढळले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाविषयीच्या सुकन्या शांता खटल्यात विमुक्त जमातींतल्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. वन खात्यालाही तेवढ्याच अधिकाराने ते लागू व्हायला हवे. कारण वनगुन्ह्यात पकडलेल्या पारध्याला जामीनदार मिळत नाही, वकील परवडत नाही आणि पत्त्याचा पुरावा मागितला तर दाखवायला पाल असते. सशाच्या गुन्ह्यात तीन वर्षे शिक्षा क्वचित होत असेल. तारखा मात्र वर्षानुवर्षे पडत राहतात, आणि तीच शिक्षा असते.

यावर पहिला आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि तो वजनदार आहे. ससा, उंदीर, तितर हे लांडगा, कोल्हा, खोकड, गरुड यांचे अन्न आहे. माणसाने ते खाल्ले तर माळावरची अन्नसाखळी विस्कटेल, असे अभ्यासक म्हणतात. खरे आहे. म्हणूनच प्राण्या-प्राण्यांत फरक करायला हवा. पाचपट्टी खार, साधा ससा, राखी तितर या जाती जागतिक यादीत सध्या धोक्याबाहेर आहेत. माळढोक आणि तणमोर अखेरच्या घटका मोजत आहेत. तारका कासव संकटात आहे. घोरपडही आता निर्धास्त राहिलेली नाही. यांच्या बाबतीत पोटाचे कारणही ऐकून घेऊ नये, अभयारण्याच्या हद्दीत तर नाहीच. पण माळढोक संपत आला तो फासेपारध्याच्या फासाने, असे म्हणणे अर्धवट आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, आणि तरी तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ होत गेले. माळ नांगरले गेले, माळावर कालवे आले, विजेच्या तारा आल्या. सरकारी कागदांत गवताळ माळाची नोंद पडीक जमीन अशी होते, आणि पडीक म्हटले की कोणी झाडे लावतो, कोणी सौर पट्टे, कोणी वसाहत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; त्याखाली वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा केल्या हे चांगलेच. पण रुंद रस्त्यांच्या या जाळ्याने माळाचे किती तुकडे पडले त्याचा हिशेब सशाच्या वाघुरीपेक्षा फार मोठा आहे.

प्राणी एकच, पण जागा बदलली की त्याचा कायदा बदलतो, हे जगात इतरत्र रोजच्या व्यवहारातले आहे. ब्रिटनमध्ये १८७६ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेली करडी खार इतकी माजली की तिथली मूळची तांबडी खार मागे हटली. आज तांबडीला कडक संरक्षण आहे आणि करडी मारून खाणे कायदेशीर आहे. आपली पाचपट्टी खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि तिथे ती उपरी ठरली. अमेरिकेच्या अनेक राज्यांत शरद-हिवाळ्यात खारीच्या शिकारीचा हंगाम असतो, परवाना असतो, एका दिवसात किती मारायच्या याची मर्यादा असते. १९३७ पासून तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. तिकडचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे बंदुकीच्या हौशीला परवाना देऊ लागलो तर पहिल्या रांगेत पारधी उभा नसेल, फार्महाऊसवाले असतील. घेण्यासारखे एवढेच आहे की संख्या, हंगाम आणि जागा पाहून नियम करता येतात आणि तसे केल्याने संरक्षण कोसळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मध्य भारतात वाघांच्या शिकारीच्या टोळ्यांत पारधी आणि बहेलिया माणसे सापडली आहेत. २०१३ च्या सुमारास मेळघाटातल्या प्रकरणांनी हे महाराष्ट्राने पाहिले. मग सशाला सूट दिली की उद्या वाघाला हात घालणार नाहीत कशावरून? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण त्या टोळ्यांचा पैसा कुठून येतो ते पाहिले तर उत्तर उलट दिशेला जाते. वाघाची हाडे आणि कातडी विकत घेणारा दलाल जंगलातली वाट जाणणारा, कर्जात बुडालेला, पोलिसांना घाबरणारा माणूसच शोधतो. सशावरून ज्याच्यावर दोन खटले पडले आहेत आणि वकिलाचे पैसे द्यायचे आहेत, तो त्या दलालाला अधिक सोपा पडतो. शिवाय तितराचा चोर आणि वाघाचा चोर यांना एकाच नजरेने पाहणारा वनरक्षक खबऱ्या गमावतो. रानात काय चालले आहे हे सगळ्यात आधी ज्यांना कळते, ते त्याच्याशी बोलतच नाहीत. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातले वाघ २००९ पर्यंत संपले होते. पुढे वाघ पुन्हा आणले गेले. तिथल्या पारधी मुलांसाठी वसतिगृहे निघाली आणि काही पारधी तरुण पर्यटकांना रानवाटेने फिरवून पक्षी, खुणा, आवाज ओळखायला शिकवू लागले. वाशीम-अकोला पट्ट्यात ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचे काम केले. विणीच्या दिवसांत फास न लावण्याचे, पकडलेल्यांतून काही सोडून देण्याचे जे नियम जमातीत सांगितले जातात, त्यांचाच आधार तिथे घेतला गेला.

तिसरा आक्षेप सज्जनांचा आहे. रेशन मिळते, कोंबडी बाजारात मिळते, मग मुक्या जिवाला का मारायचे? सेतू बांधताना वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरवली आणि पट्टे उमटले, ही कथा ज्या घरात लहानपणापासून ऐकलेली असते, त्या घराला खार खाण्याची कल्पनाही सहन होणार नाही. एकनाथांच्या पैठणपासून तासाभरावर बसून भूतदयेची थट्टा करण्याचे धाडस माझ्यात नाही आणि इच्छाही नाही. पण भूतदया ही स्वतःच्या ताटापासून सुरू करायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या चुलीवर पहारा बसवायचा तर आधी त्या चुलीवर काय शिजते ते विचारावे लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिले. ते मोलाचे आहे. पण ते धान्य आहे, प्रथिने नव्हेत, आणि शिधापत्रिकेला लागणारे कागद फिरत्या घरांकडे अनेकदा नसतात. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. पोराच्या ताटातले अंडे काढून घेणाऱ्या व्यवस्थेने त्याच पोराच्या हातातल्या गलोलीकडे बोट दाखवावे, हे मला नीतीपेक्षा सोयीचे जास्त वाटते. गंमत अशी की शेतातला उंदीर आणि घूस आज कोणत्याही अनुसूचीत नाहीत. ते मारून खाणे पूर्ण कायदेशीर आहे, आणि गावात तुच्छतेने बोलले जाते ते नेमके त्याबद्दलच.

तर करायचे काय? नवा कायदा लागणारच नाही असे नाही, पण त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. चोपन्नाव्या कलमात वन अधिकाऱ्याला तडजोडीने गुन्हा मिटवण्याचा अधिकार आहे. ज्या गुन्ह्यांना किमान तुरुंगवास ठरवून दिला आहे, म्हणजे पहिल्या अनुसूचीतले प्राणी किंवा अभयारण्यातली शिकार, ते त्यातून वगळलेले आहेत. ससा, तितर, खार यांच्या बाबतीत, अभयारण्याबाहेर, विक्रीचा पुरावा नसेल आणि संख्या घरच्या जेवणापुरती असेल, तर पहिल्या खेपेला अटक न करता समज देऊन, नाममात्र रकमेत प्रकरण संपवावे, असे परिपत्रक राज्याच्या वन खात्याला काढता येईल. २०२२ च्या दुरुस्तीने तडजोडीच्या रकमेची कमाल मर्यादा पंचवीस हजारांवरून पाच लाखांवर नेली. खाली किती घ्यायचे हे अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे, आणि तो विवेक लेखी निकषांत बांधला नाही तर तडजोड म्हणजे वसुलीचे नवे खाते उघडेल, ही भीती खरी आहे. त्यासाठी प्रत्येक तडजोडीची नोंद जाहीर व्हावी. या सवलतीच्या बदल्यात दोन गोष्टींवर अजिबात दया नको: विक्री आणि तार. मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फास सशासाठी लावला तरी त्यात तरस आणि बिबट्या अडकतो. विजेचे कुंपण तर आणखी आंधळे. लोखंडी तार, वीज आणि विष वापरणारा पारधी असो की पाटील, त्याला सारखीच शिक्षा व्हावी. आणि ढाब्यावर छापा पडला तर वाढप्यावर न थांबता खाणाऱ्याचे नावही पंचनाम्यात यावे.

कसबाला मोल देता येते याचे आपल्या देशातले सर्वांत चांगले उदाहरण तामिळनाडूतले आहे. १९७२ च्या कायद्याने सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि इरुळा लोक उपाशी पडले. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये चेन्नईजवळ इरुळा साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचे, साप परत सोडायचा, आणि त्या विषापासून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार व्हायचे. परवानगी सरकारचीच, कसब त्यांचे. महाराष्ट्र सहकाराचे राज्य म्हणवते. साखर, दूध, सूत यांच्या संस्था इथे निघाल्या, पारध्यांची निघाली नाही. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून आहे, कन्नडच्या बाजूने तिथे पर्यटक जातात. जायकवाडीच्या पाणपक्ष्यांसाठी हिवाळ्यात लोक पैठणला येतात. येवला-वैजापूरच्या माळावर काळवीट आहेत. या तिन्ही ठिकाणी पक्षी-प्राण्यांची गणना करायला, रानवाट दाखवायला, तारेचे फास शोधून काढायला, माळाचे गवत राखायला हंगामी माणसे लागतात. ती माणसे आज ठेकेदारामार्फत येतात आणि त्यांतल्या अनेकांना तितराचा आवाज लाव्याच्या आवाजातून वेगळा काढता येत नाही. भरतीत बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर रानातली परीक्षाही ठेवली तर ती कोण पास होईल हे खात्याला चांगले माहीत आहे. गायरानाचा प्रश्न त्याच्याही आधीचा. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले होते. दलित हक्कांचे कार्यकर्ते एकनाथ आव्हाडांनी बीडसह मराठवाड्यात त्यासाठी आयुष्यभर लढा दिला, २०१५ मध्ये ते गेले, आणि कित्येक कुटुंबांचे नाव अजून सातबाऱ्यावर चढलेले नाही. ज्या दिवशी ते चढेल त्या दिवशी त्या कुटुंबालाही रानडुकरापासून पीक वाचवायला अकराव्या कलमाखाली अर्ज करता येईल.